पिशवीत अडकलेले हात

आज भांडी घासायचे नवे रबरी हातमोजे उघडले आणि त्या वासानं थेट कॉलेजची लॅबच आठवली! एमएस्सीचा प्रोजेक्ट होता, मातीच्या कणांवर बसवलेली लोखंडाची एकदम बारीक काळी पूड, पाण्यातलं विष ओढून धरणारी. हवा लागली की ती गंजून वाया, म्हणून नायट्रोजन भरलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत माझे हातमोज्यातले हात, पिशवीचं तोंड कोपराला टेपनं चिकटवलेलं, आणि नेमका आईचा फोन! मैत्रिणीनं तो माझ्या कानाला धरला. "पाहुणे आलेत तुला बघायला, लगेच ये." "आई, हात पिशवीत अडकलेत!" "मग काढ की!" "सगळी पूड गंजेल गं!" तेवढ्यात मुलाच्या आईनंच फोन घेतला, "काय करती गं पोरी?" मी उत्साहात सगळं सांगून टाकलं. "आगं बया! आमच्या बोअरचं पानी लई वंगाळ हाय. लग्न झाल्यावर घरीच कर की ह्ये!" फोन कापायला हात मोकळा नव्हता, मैत्रीण नुसती हसतेय, आणि माझ्या तोंडून निघालं, "हो काकू." पूड काळीच राहिली, पण घरी पोचेपर्यंत आईनं पेढे वाटले होते. आता लग्नाला वर्ष झालंय. परवा सासूबाईंना विचारलं, मागच्या खोलीत छोटी लॅब मांडू का? त्या म्हणाल्या, "आता कशाला? आरओ बसवलाय की."