चित्रातली जास्तीची बाई

“मॅडम, असाल तशा अकोल्याले या. चित्रात एक बाई जास्तीची हाय, अन् आबासाहेबाच्या घरात महाभारत सुरू हाय!”

फोन वानखडेचा होता. आमच्या संस्थेची दोन कला महाविद्यालयं आहेत, एक अमरावतीला, एक अकोल्याला. मी अमरावतीत कलेचा इतिहास शिकवते, तो अकोल्यात पेंटिंग शिकवतो. दोन्ही कॉलेजांना मिळून एकच विभागप्रमुख नेमायचं ठरलं होतं. नावं आम्हा दोघांचीच होती आणि सीनियर मी. त्यामुळे त्याचा रडवेला आवाज ऐकून मला आधी बरं वाटलं. काय झालं ते मग विचारलं.

आबासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांना घराण्याचं ग्रुप पोर्ट्रेट हवं होतं, म्हणजे सगळं कुटुंब एकाच चित्रात. काम वानखडेला मिळालं. मी पोर्ट्रेट करत नाही हे खरं, पण विचारायला काय जातं? बरं, चित्र रचलं कशावरून, तर माझ्याच चित्रकारावरून! दोनेकशे वर्षांपूर्वी तो स्पेनच्या राजाच्या पदरी होता. माझी पीएचडी त्याच्यावर आहे. घरी त्याला ‘तुझा स्पेनवाला’ म्हणतात. त्यानं राजाचं अख्खं कुटुंब एका चित्रात उभं केलंय. त्या चित्रावर मी अकोल्यात लेक्चर दिलं, तेव्हा वानखडे पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होता. पुढं त्याचा कच्चा आराखडा पाहून आबासाहेब म्हणाले, “काय डोकं हाय पोराचं!” तेव्हा या पठ्ठ्यानं माझं नाव काढलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “तुझ्या स्पेनवाल्यानं दुसरं घर केलं वाटतं,” नवरा म्हणाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मूर्तिजापूरमार्गे बसनं अकोल्याला पोचले. आबासाहेबांच्या हॉलमध्ये चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू, चित्र फार चांगलं होतं. मधोमध काकू, म्हणजे आबासाहेबांची बायको, चेहऱ्यावर नेहमीचा दरारा. बाजूला आबासाहेब, पोटासकट. मोठा मुलगा, मोठी सून, लेक, जावई. धाकटा मुलगा टोकाला, आणि त्याच्या शेजारी हिरव्या साडीतली एक बाई, तोंड पलीकडं फिरवलेली. साडीचा तो हिरवा रंग बघूनच माझ्या पोटात दुखलं.

काकूंनी माझा हात धरला. “मॅडम, तुमी बाई मानूस आहा. हे कोन हाय? आमच्या घरात अशी कोनी नाही. लोकं म्हनतीन, काहून तोंड लपवून राह्यली?”

जावई मोबाइल घेऊन तयार होते. “मामाजी, मी व्हिडिओ पाह्यला. तो स्पेनचा पेंटर राजाची टिंगल करे. मुद्दाम सगळ्यायले बावळट काढलं त्यानं. यानंही तेच केलं.”

“नाही हो,” वानखडे कसाबसा बोलला. “मॅडमच्या लेक्चरातच आयकलं होतं मी सारं.”

कौतुकाच्या वेळी माझं नाव आठवलं नव्हतं. गळ्याशी आल्यावर बरोबर आठवलं.

आबासाहेब माझ्याकडे वळले. “तुमी डॉक्टर आहा या विषयाच्या. टिंगल हाय का, सांगा. असन तर हा मानूस आपल्या संस्थेत राहनार नाही.”

मला खोटं बोलायचीही गरज नव्हती. त्या चित्रानंतर राणीनं माझ्या स्पेनवाल्याला पुन्हा काम दिलं नाही, असं सांगतात. एवढं एकच वाक्य बोलून मी गप्प बसले असते, तरी वानखडेचा निकाल लागला असता आणि विभागप्रमुखाची खुर्ची माझी झाली असती. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. वानखडे माझ्याकडे बघत होता. त्याच्या नखांत अजून तोच हिरवा रंग होता.

तेवढ्यात जावई म्हणाले, “मॅडम काय सांगतीन? व्हिडिओत सगळं क्लिअर हाय.”

माझं टाळकं सरकलं. वानखडे गेला खड्ड्यात, पण माझ्या स्पेनवाल्याबद्दल हा मला सांगणार?

“जावईबापू, बसा खाली,” मी म्हणाले. “त्यानं राजघराण्यातल्या माणसांना समोर बसवून त्यांचे स्टडी आधी काढले होते. स्टडी म्हणजे मोठ्या चित्राआधी केलेला सराव. राजानं चित्र ठेवून घेतलं. त्या काळी दरबारात माणूस जसा आहे तसाच उतरणं हा मान होता. टिंगल ही नंतरच्या परदेशी लोकांनी काढलेली टूम.”

“अन् हे बाई?” काकूंनी विचारलं.

“त्या चित्रातही आहे. राजपुत्राचं लग्न ठरायचं होतं. होणाऱ्या नवरीची जागा धरायची, पण चेहरा कुठून आणणार? म्हणून तोंड फिरवलेलं. बहुतेक अभ्यासक असंच मानतात.”

सगळ्यांनी बिनलग्नाच्या धाकट्याकडे पाहिलं. तो लाजला.

काकू चित्राजवळ गेल्या. “म्हंजे हे आमची सून हाय?” थोडा वेळ पाहून म्हणाल्या, “वानखडे, जराशी उंच करा तिले. ठेंगनी दिसून राह्यली.”

महिनाभरात चित्राचं अनावरण झालं आणि त्याच मंचावर वानखडेला विभागप्रमुख केलं. “मॅडमसारख्या विद्वान बाईनं ज्याच्यावर शिक्का मारला, त्याच्यात काय कमी असन?” असं आबासाहेब माइकवर म्हणाले. मला शाल आणि नारळ मिळाला. वानखडे सगळ्यांदेखत पाया पडला. मी आशीर्वाद दिला, पण मनापासून नाही दिला.

आता नव्या प्राध्यापकांना मी एकच सांगते. जळायचं तर खुशाल जळा, पण दुसऱ्या विषयातल्या माणसावर. आपल्याच विषयातल्या माणसाला बुडवायचं, तर आधी आपला विषय बुडवावा लागतो. तेवढी छाती माझ्याजवळ नव्हती.