मटण हाड!

सन १९५९, आषाढ संपायला दहा दिवस. होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर नारळीची झापं बांधलेली. दर्या बंद असला की मालवणात किस्से साठतात. आठ महिने माणसं पाण्यावर असतात, तिथे बोलायला वेळ नसतो. पावसाळ्यात मग एका खोपीत चार माणसं जाळी विणत बसतात आणि एकमेकांची अब्रू काढतात. सगळीकडे असंच असेल. मी जग पाहिलेलं नाही. कोल्हापूर पाहिलं, तीन दिवस. तेवढं पुरे झालं.

आम्ही चौघे. मी तांडेल, म्हणजे होडीवर शब्द माझा. भिवा आणि जनू माझे खलाशी. जनू चौथी पास होता. भिवा नुसता खायचा. चौथा इस्माईलभाय, आमचे सुके मासे घाटावर नेऊन विकणारा. कोल्हापूर त्याच्या पायाखालचं.

तोच म्हणाला, "तांडेल, एकदा चल रे. देवी बघ, तलाव बघ, मटण खा. मराच्या आधी घाटार काय आसा ता तरी बघ!"

मी हो म्हटलं. चूक तिथे झाली.

*

जनूने कॅलेंडरच्या मागे बेत लिहिला. पहिला दिवस, अंबाबाई आणि मटण. दुसरा दिवस, पन्हाळा आणि मटण. तिसरा दिवस, रंकाळा आणि मटण.

"मटण कोणी सांगल्यान?" मी विचारलं.

"भिवान. पन्हाळो माजो."

मग वार काढले. भिवा सोमवारी खात नाही. मी मंगळवारी. जनू गुरुवारी आणि शनिवारी. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. सगळ्यांना चालतील असे तीन दिवस लागोपाठ मिळेनात. जनूने कॅलेंडर पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

इस्माईलभाय बिडी ओढत ऐकत होता. म्हणाला, "देव तुमचे, वार तुमचे, आणि उपाशी मी मरतलंय काय?"

शेवटी मी निकाल दिला. "आमचे देव घाटाखालचे. फोंड्याचो घाट चढलो की वार लागू नाय!"

भिवाने माझ्या पायाला हात लावला.

बायकोने आतून विचारलं, "आणि अंबाबाई खयची?"

मी म्हटलं, "तिका आधी भेटतलंव. मगे जेवतलंव."

*

भिवा तीस वर्षं दर्यावर. वादळात शिडाला लटकून भाकरी खाल्लेला माणूस. फोंड्याच्या घाटात तिसऱ्या वळणाला त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं ते वर पोचेपर्यंत आत घेतलं नाही.

कंडक्टर म्हणाला, "काय हो, दर्यावर्दी ना तुम्ही?"

भिवा तोंड पुसत म्हणाला, "दर्यो हलाच्या आधी माका सांगता. ह्यो रस्तो सांगान वळना नाय!"

*

उतरलो देवळाजवळच्या धर्मशाळेत. सामान थोडं होतं. एक बोचकं मात्र भिवा उशाला घेऊन झोपला. परगावी खायला काही मिळालं नाही तर असावं म्हणून त्याने सुके बांगडे आणले होते. पाच शेर. आम्हाला तो वास येत नाही. आमच्या घरांनाच तो आहे.

सकाळी धर्मशाळेचा माणूस नाकाला उपरणं लावून आला. "आत काय मेलंय?"

जनू पुढे झाला. त्याला वाटतं, गावाबाहेर कचेरीतलं मराठी बोलावं. म्हणाला, "येथे कोणीही मयत झालेले नाही. सदर बांगडे सुके आहेत."

सदर बांगड्यांसकट आम्ही रस्त्यावर आलो. पुढच्या दोन रात्री इस्माईलभायच्या ओळखीच्या वखारीत काढल्या. तिथे सुकी मिरची भरलेली होती. चौघेही रात्रभर शिंकत होतो. भिवा म्हणाला, "बांगड्यांचो वास तरी आपलो होतो!"

*

रंकाळा पाहिला. मोठा तलाव आहे, नाकारत नाही. पण जनू सारखा म्हणत होता, "तांडेल, दर्यासारखो दिसता ना?"

"भरती खंय आसा?" मी विचारलं.

तिथे एकजण नावेत बसवून फिरवत होता. इस्माईलभायने मला बळेच बसवलं. नाव पाहिली. तळाला पाणी, वल्हं एका बाजूला झिजलेलं. मी काही बोलणार तोच नाववाला मला म्हणाला, "आजोबा, घाबरू नगा. कडंला घट्ट धरून बसा. पवाय येतंय न्हवं?"

माझं वय तेव्हा सत्तेचाळीस. मागे भिवा आणि जनू श्वास धरून बसले होते.

मी घट्ट धरून बसलो. त्याची नाव, त्याचा शब्द.

*

आता खानावळीचं. तो दिवस मंगळवार, माझा वार. पण घाटाच्या वर.

खानावळ एका जुन्या पैलवानाची. त्याला सगळे वस्ताद म्हणत. दारातून आत यायला तो आडवा व्हायचा. मटण मुलाण्याकडचं, म्हणून इस्माईलभायही आमच्या पंगतीला बसला.

मी वाढप्याला म्हटलं, "पाणी हाड." तो बघत राहिला. आमच्यात हाड म्हणजे आण. जन्मल्यापासून मी तेच बोलतो. मला वाटलं, बहिरा असेल. मोठ्याने म्हटलं, "मटण हाड!"

तो गेला आणि ताटली भरून नुसती हाडं घेऊन आला.

भिवा म्हणाला, "तांडेल, हय मटण शेवटाकडसून वाढतत काय?"

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "मटण खंय आसा? हाड! हाड!"

घाटावर असं कुत्र्याला म्हणतात, हे मला नंतर कळलं. वाढप्याने ताटली आपटली. वस्ताद उठला.

"कुणाला हाड म्हंतोस रं? मानूस हाय त्यो, कुत्रं न्हवं!"

मीही उठलो. त्याच्या छातीपर्यंत पोचत होतो. म्हटलं, "मी तेका मटण हाडूक सांगलंय!"

"हाडूक?" वस्ताद चक्रावला. "आरं, म्हंजे हाडूकच मागतोय की ह्यो! मग दिलं की हाडूक! वरडतोस का?"

जनू मध्ये पडला. "महाशय, सदर इसमाचा हेतू आणणे असा आहे." ते कोणालाच कळलं नाही.

शेवटी इस्माईलभायने तोडलं. "वस्ताद, ह्यांच्यात हाड म्हंजे आण. ह्यो बायकोलाही दिवसभर हाडच म्हणतो."

वस्तादाने माझ्याकडे पाहिलं. "आन् ती तरीबी रांधती?"

"रांधता," मी म्हटलं.

तो असा हसला की पाण्याचे तांबे हलले. मग आमच्यातच बसला. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, मटण, पुन्हा मटण. भिवाने जन्मात पहिल्यांदा ताटावर आडवा हात धरला. इस्माईलभायने वस्तादाला माझा वारांचा निकालही सांगितला. तो पुन्हा हसला.

मी पैसे काढले. त्याने घेतले नाहीत. "म्यां मानूस न वळखता अंगावर आलो. ह्ये त्येचं जेवान."

मी कधी कोणाचं फुकट जेवलेलो नाही. म्हटलं, "मगे मालवणात ये. माज्याकडचो मासो खा."

वस्तादाचं तोंड उतरलं. "मासं? नगं बाबा. काटा घशात बसला म्हंजे? धा पैलवान आडवं केलं म्यां, पर काट्याम्होरं आपुन गप."

"काट्याचा माज्यार सोड. येतलंस की नाय, ता सांग."

"ईन," तो म्हणाला. आवाज बारीक होता.

*

वस्ताद आला नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली.

किस्सा मात्र आमच्या आधी गावात पोचला होता. बाजारात मासे विकणाऱ्या बायका मला बघून एकमेकींना सांगायच्या, "गो, टोपली हाड गो, हाड हाड!" ते चाललं. पण कोणीतरी म्हणालं, 'फुकट जेवलेलो तांडेल.' ते चाललं नाही. खलाशांना हुकूम देताना ते माझ्या कानात वाजायचं.

भिवा खोपीत म्हणायचा, "तांडेल, वस्तादाचा मटण तुका अजून जिराक नाय!"

इस्माईलभाय घाटावर निघाला की मी निरोप द्यायचो. वस्तादाचं उत्तर दर वेळी एकच यायचं. "बिनकाट्याचा मासा घावला का, इचारा त्येस्नी."

*

सन १९६२, श्रावणातला पहिला सोमवार. नारळी पौर्णिमेला नऊ दिवस. होड्या झाकलेल्या, बाजारात एक मासा नाही, आणि आमच्या घरी असता तरी कोणी शिजवला नसता. दुपारच्या गाडीतून वस्ताद उतरला. आडवा होऊन.

"आलो बग! सकाळच्या गाडीनं माघारी. हाड मासं!"

मी म्हटलं, "आज सोमवार. त्यात श्रावण."

वस्ताद म्हणाला, "घाट वलांडला की वार लागत न्हाईत, ह्यो निकाल कुनाचा? माजं देव वर हाईत. म्यां घाट उतरून आलोय!"

भिवा हसायला खोपीबाहेर गेला.

मी फेकायचं जाळं खांद्यावर घेतलं आणि खाडीत उतरलो. छातीभर पाणी, वरून पाऊस. दिवेलागणीपर्यंत चार काळुंद्रं मिळाली, वितीएवढी. गोड मासा, पण काट्यांनी भरलेला.

घरी बायको चुलीसमोर उभी राहिली. "ह्या चुलीर आज मासो? आदी माका ठेव चुलीर!"

मासे इस्माईलभायकडे नेले. त्याच्या बायकोने नारळाचं वाटप लावून, तिरफळं टाकून कालवण केलं.

मासे घेऊन तिकडे जाताना जनूने विचारलं होतं, "तांडेल, सोमवारी माशाक हात लावलंस?"

"हात लावलंय. तोंड नाय."

वस्ताद इस्माईलभायकडेच पाटावर बसला. पहिल्या काळुंद्राकडे तो जोडीच्या पैलवानाकडे बघावं तसा बघत होता. हात पुढे येईना. कपाळाला घाम. "काटं दिसत्यात," तो हळूच म्हणाला.

मी हात धुतले आणि त्याच्यासमोर बसलो. मधला काटा सबंध काढला. मग बाजूचे. मग केसासारखे, ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. माझ्या मुलांसाठी मी हे कधी केलं नव्हतं. मांस भातावर ठेवलं. वस्तादाने डोळे मिटून घास घेतला. चावला. एक डोळा उघडला. मग दुसरा.

दुसरं काळुंद्र. तिसरं. माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. माझ्या बाजूला काट्यांचा ढीग. दारात भिवा आणि जनू उभे होते.

तिसरं संपलं. चौथं आत चुलीवर होतं.

वस्तादाने ताट पुढे सरकवलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "हाड!"

मी उठलो आणि हाडलं.