कुसुमचा बिनलाइटीचा डब्बा

मले भाडेकरू आवडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आमचं घर भोसल्यांच्या वेळेपासून आहे, अन् मागच्या दोन खोल्यांत आजवर जेवढे राहून गेले, त्यातल्या एकानेही कधी नळ नीट बंद केला नाही. कुसुमने मात्र आल्या दिवशीच माझा गळका नळ दुरुस्त केला. वर मलेच म्हणते, "काकू, वायसर तुमच्या जुन्या चपलेचं कापलं. बाजारातून कशाले आणायचं?" चप्पल काही तेवढी जुनी नव्हती. पण नळ गळायचा थांबला, म्हणून मी सोडून दिलं.

कुसुम वर्ध्याची. पंचेचाळिशीची, अंगाने बारीक, आवाजाने मोठी. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणते, "तेव्हा जमलं नाही, आता हौस नाही." नवा रायपुरात एका ऑफिसात ठेक्यावर कम्प्युटरवर टायपिंग करायची. सकाळची बस पकडायले पळायची, कारण ती चुकली की दुसरी कधी येईल ते ड्रायव्हरलेही ठाऊक नसे. ऑफिसात मशीन बिघडली अन् दुरुस्तीवाला आला, की ही त्याच्या डोक्यावर उभी. हे काय, ते काहून, हे काढलं तर काय होईल. त्या बिचाऱ्याने शेवटी वैतागून स्क्रू पिळायचा पेचकसच हिच्या हातात दिला म्हणे. तिथून हिले नाद लागला.

अन् कंजूस! बाप्पा, किती कंजूस! गोल बाजारात ही भाव करायले लागली, की मी दोन दुकानं पुढे जाऊन उभी राहते, ओळख नको म्हणून.

उन्हाळ्यात तिचा ठेका संपला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. वर्ध्याहून भावाचा, नानाचा फोन आला. इकडे ये, एकटी काय करून राहिली तिथे, वहिनीलेही मदत होईल. फोन ठेवला अन् कुसुम माझ्या ओट्यावर येऊन फणफणली.

"मदत होईल म्हणजे काय, काकू? म्हणजे कणीक मी मळीन, अन् टीव्हीवर काय लावायचं ते वहिनी ठरवील. नाना माझा चांगला आहे हो. पण त्याच्या घरात मी पाहुणी नाही, मालकीणही नाही. मधलं जे असते ना, ते मले नाही जमत."

तरी नानाले तिने शब्द दिला होता. दसऱ्यापर्यंत पाहीन, तोवर इथे पोटापुरता धंदा उभा राहिला नाही, तर बिऱ्हाड घेऊन वर्ध्याले येईन. कुसुम शब्दाची पक्की, म्हणून मले धाक वाटायले लागला. भाडेकरू जाईल याचा नाही, भाडेकरू हजार मिळतात. मले संध्याकाळी ओट्यावर भांडायले कोण मिळालं असतं?

धंदा कसा सुरू झाला ते सांगते. आमच्याच गल्लीतली अनुश्री, कॉलेजातली पोट्टी, कम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळते. भल्याभल्या पोट्ट्यांले पाणी पाजते म्हणे. पण बापाने साफ सांगितलं होतं, गेमिंगची मशीन दुकानात पाहिली, तेवढ्यात मोटरसायकल येते, मिळणार नाही. पोट्टी रडत कुसुमकडे आली. कुसुम म्हणाली, "रडू नको. दुकानवाला तुले डब्ब्यातल्या रंगीत लाइटी विकून राहिला. खेळ डोळ्यांनी खेळते का डब्ब्याने?"

दुसऱ्या दिवशी कुसुम मले घेऊन भनपुरीले गेली. तिथे एक ट्रान्सपोर्टचं ऑफिस जुने कम्प्युटर काढून टाकत होतं. चांगले, कंपनीचे, फक्त म्हातारे झालेले. आत काळी धूळ अशी बसली होती, की हात लावला तर काजळ. भाव करताना कुसुमने ती धूळच त्या मुनीमाच्या टेबलावर झटकली. "भैया, ये देखो, मैं कम्प्युटर ले रही हूँ कि कोयला?" मुनीम कंटाळला, अन् हिच्या मनासारखं झालं.

घरी येऊन तिने ते डब्बे अंगणात उघडले. पेंटचा ब्रश अन् सायकलचा पंप घेऊन आतला एकेक पाखा, छोटा पंखाच तो, झटकला. माझे वाळत घातलेले पापड काळे केले, त्यावरून आमचं चांगलं वाजलं. मग ती मले समजावत बसली. खेळाची चित्रं पळवायले आत एक वेगळं कार्ड लागते, अन् सगळ्यात जास्त पैसा तेच खाते. पण शौकीन पोट्ट्यांले नवीन कार्ड आलं, की जुनं नकोसं होते. ते घ्यायचं. पण कसं घ्यायचं? विकणाऱ्याच्या घरी बसून, त्याच्याच मशीनवर खेळ लावून, चांगला चहा होऊन जाईस्तोवर बंद पडते का ते पाहायचं. पडदाही जुनाच. कीबोर्ड साधा. लाइटी शून्य.

"मग सगळंच जुनं घेते का?" मी विचारलं.

"सप्लाय सोडून," ती म्हणाली. सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज सगळ्या मशीनले वाटून देणारी पेटी. "तो नवा, अन् चांगल्यातला. मीठ-मिरची स्वस्तातली आणा काकू, पण गॅसची नळी कोणी स्वस्तातली आणते का?"

अनुश्रीची मशीन बनली, दुकानच्या निम्म्या भावात. पोट्टीने पाराभर, गल्लीगल्लीत त्याचा डंका वाजवला. मग आणखी दोघातिघांच्या बनल्या. पण असं एकदुकट्या मशीनने वर्ष निघत नसते. अन् दसरा तर जवळ येऊन राहिला होता.

तेवढ्यात नीलेश आला. आपलाच, मराठी, पण मराठी फक्त ऐकते, बोलते हिंदी. नवा रायपुरात कॉलेजच्या पोरांसाठी खेळाची खोली काढून राहिला होता. त्याले आठ मशीन पाहिजे होत्या. आठ! कुसुमचे डोळे असे मोठे झाले, की मी तिले कोपराने ढोसलं. गिऱ्हाइकासमोर असे डोळे करतात का?

"दीदी, सस्ते में चाहिए," नीलेश म्हणाला. "सप्लाय भी लोकल डाल दो, चलेगा."

"नाही चालणार."

"दूसरा दुकानवाला डाल रहा है."

"मग त्याच्याकडून घे. मी बनवलेली मशीन तुझ्या खोलीत पेटली, तर लोक त्याचं नाव घेणार नाहीत, माझं घेतील. बाकी सांग काय काय कापू. डब्बा कापते, लाइट कापते, काच कापते. सप्लाय नाही."

मी कपाळावर हात मारला. वर्ध्याची बॅग दारात उभी, अन् ही बाई आलेल्या गिऱ्हाइकाले दार दाखवून राहिली! पण नीलेश गेला नाही. डोकं खाजवत म्हणाला, एक बनवून दाखवा. मी स्वतः येऊन दुपारभर खेळीन. बंद पडली नाही, तर आठही तुमच्या. दिवस ठरला दसऱ्याचा.

आता आमच्यात नवमीले खंडेपूजन असते. ज्याच्यावर पोट चालते, ते हत्यार पाटावर मांडायचं, पुजायचं, अन् दसऱ्यापर्यंत त्याले हात लावायचा नाही. कुसुमने नवमीच्या सकाळी नीलेशची ती मशीन पाटावर ठेवली. शेजारी पेचकस, ब्रश, सायकलचा पंप. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, अन् अक्षता तर काय, लग्नात टाकतात तशा भरभरून टाकल्या. मी म्हटलं, आवर जरा. तर म्हणाली, "काकू, उद्याचा दिवस यायचा आहे. आज हात आखडता नाही घेणार." आयुष्यात पहिल्यांदा बाई सढळ झाली, अन् ती कुठे, तर तिथे!

जेवणं झाली, तर दारात नीलेश. उद्या त्याले घरच्यांसोबत बाहेरगावी जायचं होतं, म्हणून आजच आला.

"मशीन पूजेत आहे," कुसुम म्हणाली. "उद्या."

"दीदी, कल नहीं तो फिर रहने दो. दूसरा दुकानवाला रुका है."

कुसुम अडली. तिले ना पूजा मोडता येत होती, ना गिऱ्हाइक सोडता येत होतं. तेव्हा आमचे हे, नरहरीराव, आरामखुर्चीतून उठले. जन्मभर रेल्वेत इंजिनावर काढला त्यांनी. म्हणाले, "कुसुम, आम्ही नवमीले इंजिनाले हार घालत होतो, नारळ फोडत होतो. अन् गाडी टायमावर सोडत होतो. देवाले धंद्याचं समजते. लाव मशीन."

कुसुमने हात जोडले, हार काढला, मशीन उचलून टेबलावर ठेवली अन् सुरू केली. नीलेश खेळायले बसला. पडद्यावर गाड्या धावून राहिल्या, धूर, गोळ्या, सगळं झकास. मी चहा ठेवायले आत गेली. चहाले उकळी आली नाही, तोच बाहेरून आवाज आला, "अरे! ये क्या?"

बाहेर येऊन पाहते, तर खेळ आधी अडखळला, मग पडदा काळा. मशीन बंद.

खोटं काहून सांगू, मले वाटलं संपलं. कुसुमकडे पाहायचं धाडस होईना.

"पुराना माल है, दीदी," नीलेश हळूच म्हणाला. पोट्ट्यालेही वाईट वाटलं होतं.

कुसुमने डब्ब्यावर तळहात ठेवला. वायर काढली, पेचकस घेतला, अन् म्हणाली, "जळली नाही. गरम झाली, म्हणून स्वतःहून बंद पडली. म्हणजे आतला पाखा फिरून नाही राहिला. थांब." तिने बाजूचा पत्रा उघडला, अन् आत वाकून पाहिलं. मग बराच वेळ तशीच वाकून राहिली. तिचे खांदे हलायले लागले, तर मले वाटलं रडून राहिली. बाई हसून राहिली होती!

पाख्याच्या पात्यात अक्षत अडकली होती. एकच दाणा, लाल, कुंकवाने चिकट. डब्बा जुना, वरच्या जाळीची भोकं मोठी, अन् भक्ती भरपूर.

"देवाने नैवेद्य घेतला," आमचे हे म्हणाले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुन्हा खुर्चीत बसले.

पण नीलेश हसला नाही. "दीदी, मेरे यहाँ लड़के चिप्स खाएँगे, नमकीन खाएँगे. चावल के एक दाने से बंद हो गई, तो वहाँ क्या होगा?"

बरोबर होतं त्याचं.

"बरोबर बोलला तू," ती म्हणाली. "सप्लायमध्ये नाही केली, पण जाळीत मी कंजुषी केली. ते माझं चुकलं. काकू, तुमच्या खिडकीची मच्छरजाळी बदलली, त्याचा तुकडा उरला आहे ना?"

मी तुकडा आणला. तिने तो डब्ब्याच्या मापाने कापला, चिकटपट्टीने वर बसवला, चिमट्याने दाणा काढला, बोटाने पाखा फिरवून पाहिला. पत्रा लावला, मशीन सुरू केली. मग पूजेच्या ताटातली अक्षतांची वाटी उचलली अन् नीलेशच्या हातात दिली.

"टाक."

"क्या?"

"अक्षता टाक वरून. मूठभर टाक. चालू मशीनवर."

नीलेशने माझ्याकडे पाहिलं. मी कुसुमकडे बोट दाखवलं. त्याने बिचकत बिचकत चिमूटभर टाकल्या. कुसुम म्हणाली, "अशा नाही," अन् त्याच्या हातातून वाटी घेऊन सगळीच्या सगळी उपडी केली. दाणे जाळीवर नाचले अन् तिथेच राहिले. आत पाखा घरघर फिरत होता.

"आता खेळ," ती म्हणाली, अन् त्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

पोट्टा खेळत राहिला. चहा निवला, त्याले पत्ता नाही. चौकातल्या दुर्गेचे ढोल सुरू झाले, तरी त्याची मान वर नाही. मशीन अडखळली नाही. कुसुम मधून मधून पडद्याच्या कोपऱ्यातला गर्मीचा आकडा पाहत होती, अन् मी कुसुमचं तोंड पाहत होती. ऊन ओट्यावरून उतरलं, तेव्हा तो उठला.

"चार बना दो पहले, दीदी."

"आठ," कुसुम म्हणाली. "आठ ठरल्या होत्या. चार घेशील तर हा भाव नाही."

"अच्छा बाबा, आठ. जाली सब पर लगाना."

"लावीन. अन् दर महिन्याले येऊन साफ करीन, त्याचे पैसे वेगळे."

"हव, दीदी," तो हसत म्हणाला, अन् इसार पाटावर ठेवून गेला.

तो वळणाआड जाईस्तोवर कुसुम दारात उभी राहिली. मग फोन काढला. मी मुद्दाम ओट्यावरच बसली, ऐकायले. मी आहेच तशी.

"नाना, मी येत नाही," ती म्हणाली. "नाही, नाही, बरी आहे मी. चांगलीच आहे. आठ मशीनचं काम मिळालं. ऐक ना, भाऊबीजेले तूच इकडे ये. वहिनीले घेऊन ये. आजवर मीच येत राहिली तुझ्याकडे ओवाळायले, अन् तुझ्याच स्वयंपाकघरात तुले वाढत राहिली. भावाने बहिणीच्या घरी जेवायचं असते, नाना. माझ्या घरी ये."

पलीकडून नाना काय म्हणाला ते मले ऐकू आलं नाही. कुसुमने पदराने डोळे पुसले, म्हणजे काही तरी चांगलंच म्हणाला असेल. माझ्याही डोळ्यांले पाणी आलं, त्यात लाजायचं काय?

घर तसं माझं आहे. पण ती "माझ्या घरी" म्हणाली, अन् मी काही तिले खोडलं नाही.