ऑर्विलची लांब काडतुसं

आमच्या मोंटानात ऑर्विल काडतुसं घरीच भरायचा. नेम अचूक लागावा म्हणून यंदा त्याने गोळ्या काडतुसात खोल न दाबता पुढे काढून बसवल्या, नळीत घट्ट टेकतील इतक्या. एल्कच्या शिकारीचा परवाना त्याला कित्येक वर्षांनी सोडतीत लागला होता, आणि आज मोसमाचा शेवटचा दिवस.

कुंपण ओलांडण्याआधी रीतीप्रमाणे त्याने रायफल रिकामी केली. काडतुसाचं नुसतं नळकांडं निघालं, पण गोळी नळीतच अडकली आणि दारू आत सांडली; आता ती रायफल झाडता येणार नव्हती. तेवढ्यात समोर सांबराहून थोराड एल्क येऊन चरू लागला.

"तुझी रायफल दे!" तो माझ्या कानात कुजबुजला.

"घरी आहे. 'तुझं भंगार आणू नकोस' असं तूच म्हणालास ना, लेका?"

बिचारा आपल्या रायफलवरच्या महागड्या दुर्बिणीला डोळा लावून बसला. एल्क पोटभर चरून रानात शिरला.

"पापण्यासुद्धा दिसत होत्या रे," ऑर्विल म्हणाला.