कोर्टाच्या दारातल्या काठ्या

मी लिहायला शिकलो ते पत्रकं लिहून. उद्गारचिन्हांची खोड अजून गेलेली नाही. पण ही गोष्ट पत्रकात बसेना, म्हणून इथं लिहितोय.

आमच्या गावचे तिघं जेलात आहेत. खटला चाललेला नाही, शिक्षा झालेली नाही, तरी आत. कच्चे कैदी. गुन्हा काय, तर सरकारनं गावचं गायरान सौरऊर्जेच्या कंपनीला देऊन टाकलं, मोजणीवाले आले, तेव्हा हे आडवे उभे राहिले. तिघंही मेंढपाळ. मेंढरं रोजच्यासारखी चरत होती, हातात रोजच्यासारखी काठी होती. फिर्यादीत काय लिहिलं? ‘घातक हत्यारांसह बेकायदेशीर जमाव’. बाभळीच्या शेंगा झोडायची काठी, ती घातक हत्यार! बुलडोझर मात्र विकास.

तिघांतला एक माझा दोस्त. शाळेत एकाच बाकावर बसायचो. आमचं किराणा दुकान, त्यांचा मेंढरांचा कळप. गायरानाच्या भांडणात मी उतरलो तेव्हा माझे वडील म्हणाले, “कावून त्या भानगडीत पडायलास? गिऱ्हाईक तुटंल.”

“अप्पा, ज्यांचं गायरान गेलं तेच आपलं गिऱ्हाईक हाय.”

अप्पा दुसऱ्या दिवशी माझ्या पत्रकात शेंगदाणे बांधून देताना दिसले. म्हटलं, चला, वाटप तरी झालं.

जेलात दोस्ताच्या मुलाखतीला, म्हणजे भेटीला, गेलो. मधी काच, बोलायला फोन. दोस्त वाळला होता. मी नवीन पत्रक वाचून दाखवायला लागलो तर म्हणाला, “ठिव ते. मी कबूल करणार हाय.”

“काय?”

“गुन्हा. आतले म्हणायलेत, कबूल केलं की भोगलेल्या दिवसांवर सोडत्यात.”

“अन् बाकीचे दोघं?”

“त्येंचं त्येंनी बघावं.”

“अन् गायरान बे?”

“गायरानाला कोण हाय?” तो म्हणाला. “तारखेला गार्ड न्हाई म्हणून आमाला नेतच न्हाईत. टीव्हीवर उभं करत्यात. मला तिकडचं काय दिसतं? जज्ज, पंखा, अन् मागची रिकामी बाकडी. त्या बाकड्यांसाठी बसू का मी आत?”

मी त्याला दोन शिव्या दिल्या. काचेमुळं वाचला. बाहेर आल्यावर मात्र हिशेब मांडला. ह्यानं कबूल केलं की बाकीच्या दोघांचं अवघड होणार, आणि गायरान मागणारं सगळं गावच गुंड ठरणार. पुढच्या तारखेला आरोप ठेवायचे होते. वकील म्हणाले, यावेळी तिघांना प्रत्यक्ष आणतील, जज्ज एकेकाला विचारतील, गुन्हा कबूल आहे का. म्हणजे जे काय करायचं ते त्या तारखेच्या आत.

मी वस्तीवर गेलो. दोस्ताच्या आईला, मी तिला मावशीच म्हणतो, सगळं सांगितलं. ती कोकराला दूध पाजत होती. मान वर न करता म्हणाली, “बाकडी भरायची, एवढंच ना?”

मग मी लोकांची शाळाच घेतली. घोषणा द्यायच्या नाहीत, पोलिसांनी तशी नोटीसच दिली होती. फलक नाही. कुठल्याही कागदावर अंगठा नाही. आत फोन बंद. सगळं दोनदा सांगितलं. पिकअपमध्ये कोंबून आम्ही निघालो, मांजरसुंब्याला चहा प्यालो आणि कोर्टाच्या दारात उतरलो.

उतरलो आणि बघतो तर प्रत्येकाच्या हातात काठी!

गेटवरचा हवालदार ओरडला, “हत्यारं घेऊन आलात काय रे कोर्टात?”

“काठ्या कावून आणल्या?” मी दबक्या आवाजात एका म्हाताऱ्याला विचारलं.

“आणल्या?” तो माझ्याकडं बघतच राहिला. “काठी आणत असत्यात व्हय? ती असतीच की.”

तेच तर! गायरानातही ती अशीच होती. पण हे ऐकायला तिथं जज्ज नव्हते, हवालदार होता, आणि तो मोबाईल काढून फोटो घ्यायला लागला. समोरच्या टपरीवाल्यानं हाक मारली, “इकडं ठिवा, इकडं.” सगळ्यांनी काठ्या टपरीच्या कोपऱ्यात उभ्या केल्या. मग ही माणसं हातांचं काय करावं ते न कळून उभी राहिली. कुणी हात मागं बांधले, कुणी काखेत घातले. उघड्या माळावर लांडग्यासमोर उभी राहणारी माणसं, पण काठीविना अवघडली.

मावशी हवालदाराला म्हणाली, “साहेब, माझ्या पोराची काठी बी तुमच्याकडंच जप्त हाय. पोराच्या आदी सुटंल का ती?”

हवालदार हसला नाही, पण त्यानं मोबाईल खिशात घातला.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. जाळीच्या खिडक्या, आतलं काही दिसेना. गाडी आम्हाला वळसा घालून सरळ मागच्या दाराकडं निघाली. मला घोषणा द्यायची होती, गळ्यापर्यंत आली होती. नोटीस माझ्याच नावावर होती. मी दात आवळले.

आणि मावशीनं हाळी दिली.

मेंढरांना बोलवायची हाळी. जिभेवर सुरू होऊन घशात फुटते ती. प्रत्येक घरची वेगळी, मेंढरू आपल्या घरची बरोबर ओळखतं. पाठोपाठ दुसऱ्या घरची उठली, तिसऱ्या घरची, मग सगळ्यांचीच. वकील फायली घेऊन जागच्या जागी थांबले.

“ओ बाई! घोषणा बंद करा!” हवालदार धावत आला.

“घोषणा कुठं दिली? मेंढरं बोलवायलेय.”

“मेंढरं कुठायत इथं?”

“तुमीच कोंडलीत की,” मावशीनं गाडीकडं बोट केलं.

गाडीतून उत्तर आलं. तीच हाळी, जरा घोगरी. शाळेत मास्तर फळ्याकडं वळले की दोस्त हीच हाळी काढायचा आणि मार मी खायचो. पाठोपाठ बाकीच्या दोघांच्या घरच्या हाळ्या आल्या. हवालदार वहीत काहीतरी लिहायला गेला आणि थांबला. काय लिहिणार? हाळीचं कलम कुठलं?

कोर्टात बाकडी भरली. बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले. तिघांना आणलं. दोस्तानं मागं वळून एकदा सगळ्यांवर नजर फिरवली, कळप घरी आल्यावर मोजतात तशी. जज्जांनी आरोप वाचून विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

पहिला दोस्तच होता. मावशी पदर दातात धरून बसली होती.

“न्हाई साहेब,” तो म्हणाला. “आमी मेंढरं चारायलोत.”

‘चारत होतो’ नाही म्हणाला. ‘चारायलोत’, म्हणजे अजून चारतोय. जेलात असून! बाकीचे दोघंही नाही म्हणाले.

म्हणून काही ते सुटले नाहीत. गाडीनं तिघांना परत नेलं, जामीन अजून अडलेलाच आहे. मला कुणी विचारतं, मग एवढं करून मिळालं काय? मिळालं ते हे, की ‘कबूल’ हा शब्द आमच्या गावाकडून त्यांना मिळालेला नाही आणि मिळणार नाही.

संध्याकाळी टपरीवरून ज्यानं त्यानं आपापली काठी घेतली. सगळ्या एकसारख्या दिसत होत्या, तरी कुणाची अदलाबदल झाली नाही. पिकअपमध्ये मी म्हणालो, “पुढच्या तारखेला काठ्या घरी ठेवून या.”

“न्हाई,” मावशी म्हणाली. “काठ्या घिऊनच यायचं. दारात ठिवायच्या, समद्यांसमोर. बघू दे त्यांना हत्यार कसलं असतं.”

आता दर तारखेला तसंच करतो. टपरीवाल्यानं तो कोपरा आमच्यासाठी मोकळा सोडलाय.