ठकूआजीचा फोटो

बायकोपासून माझं काही लपत नाही म्हणतात. हे लपलं. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

नव्वदनंतर मतदाराला फोटोचं ओळखपत्र हवंच, असं निघालं, तेव्हाची गोष्ट. बारामतीत माझा स्टुडिओ नुकताच सुरू झालेला — गिऱ्हाईक जेमतेम. सुप्याकडच्या वाड्यावस्त्यांचे फोटो काढायचं काम मिळालं आणि मी हवेत गेलो. शाळेच्या भिंतीला चादर लावायची, माणूस बसवायचा, फ्लॅश मारायचा, की पुढचा.

त्या दिवशी सगळ्यांत शेवटी ठकूआजी आली. मेंढरं राखणारी म्हातारी — माळावरून चालत, ठेवणीतलं लुगडं नेसून. जन्मात फोटो काढलेला नव्हता. आणि माझा रोल — कसं सांगू? — संपला होता. ‘उद्या या’ म्हटलं असतं, तर उद्या मलाही यावं लागलं असतं. भूक लागली होती, जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी तिला बसवलं, पदर नीट करायला लावला आणि रिकाम्या कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला. "झाला, आजी." किती सोपं होतं, नाही?

तिचं कार्ड आलंच नाही. तिनं तालुक्याला हेलपाटे घातले. मतदानाच्या दिवशी कार्ड नाही म्हणून केंद्रावरून तिला परत पाठवलं. तशीच ती माझ्या दुकानात आली. मला वाटलं, आता बिंग फुटलं. पण ती म्हणाली, "तुजं काय चुकलं न्हाय, लेकरा. तू उपाशी थांबून काढलास. हापिसातच कुटंतरी गहाळ झालं आसंल." मी मान हलवली. हो — हलवली.

पुढं त्या वस्त्यांवरची लग्नं माझ्याकडं येऊ लागली. "पोरगं आपलं हाय," असं तीच सांगत फिरायची. स्टुडिओ तगला, घर उभं राहिलं. आजही ताटावर बसताना तिची आठवण येते आणि ऊर भरून येतो. तिच्याइतकं मला कुणीच दिलेलं नाही.

काही वर्षांनी राहिलेल्यांचे फोटो काढायला पुन्हा मीच गेलो. पिशवीत रोल भरपूर होते. ती आली नाही. मी बोलावणं धाडलं, तर सून आली. म्हणाली, "आत्याबाई म्हणत्यात, माजं तोंड फोटूत येत न्हाय. उगं त्याला कशाला तरास."

वस्ती शाळेतून दिसत होती. मी गेलो नाही.