पुतळ्याशेजारचा दुसरा रांजण

आमच्या गावच्या शाळेत संस्थापकांच्या पुण्यतिथीला पुतळ्याला हार घालायचा आणि मुलांनी तेच ते भाषण पाठ म्हणायचं, अशी रीत आहे. मीही ते कितीदा ऐकलंय. त्या भाषणातल्या माणसाला जन्मात कधी घाम आला असेल, असं वाटत नाही.

त्यांच्याच शिफारशीच्या चिठ्ठीवर मला बारामतीच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि आमच्या घरात पहिला पदवीधर झाला. हे मी विसरलेलो नाही.

यंदा शाळेच्या समितीनं नवं भाषण लिहायला मला सांगितलं आणि हार घालायला माझ्या आईला बोलावलं. आई याच शाळेत दुसरीपर्यंत शिकली. तेव्हा पाण्याचे दोन रांजण होते. एक सगळ्यांचा, दुसरा फक्त आमच्या वस्तीच्या पोरांचा. हुकूम संस्थापकांचा. दुसरा भरायला कुणाला आठवण नसायची. त्यापायी आईची शाळा सुटली.

मी चिठ्ठीही लिहिली, रांजणही लिहिला. समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे तात्यांनी, कागद वाचून चष्मा काढला.

"रांजणाचं कशाला उकरतुयास? तू सायब कुणामुळं झाला?"

"त्यांच्यामुळंच. तेही लिहिलंय, तात्या."

"मग तेवढंच ठेव की! पोरांना चांगलं तेवढं शिकवायचं."

कृतघ्न ठरायच्या भीतीनं मी दुसरा कागद लिहिला. चिठ्ठी राहिली, रांजण गेला.

कार्यक्रमाला जाऊन बघतो तर पुतळ्याच्या दोन्ही बाजूंना तेच दोन रांजण! समितीला अडगळीत सापडले म्हणे. वर लाल ऑइलपेंट, आत झेंडू आणि पाटी : 'संस्थापकांच्या काळातील ठेवा'. जे भाषणातून खोडलं तेच या शहाण्यांनी रंगवून दारात मांडलं होतं.

आईनं हार घातला. मग समोर बसलेल्या चौथीतल्या मुलीला विचारलं, "दोन रांजण कशाला गं?"

"एक संपला की दुसरा!"

"शाब्बास!" तात्या म्हणाले. इंदापूरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"न्हाय गं बाय," आई म्हणाली. "ह्यो काठ फुटलेला माझा. ह्यात पाणीच नसायचं." मग माझ्याकडं वळली. "तू ल्ह्यायला शिकलास न्हवं? मग सांग की पोरीला."

तात्यांनी घाईनं राष्ट्रगीताची खूण केली. ते संपेपर्यंत मी ताठ उभा राहिलो. मग खिशातला पहिला कागद काढला आणि चिठ्ठीपासून रांजणापर्यंत सगळा वाचला.